मातेराझ्झी : मातेरं की सोनं?

बालेवाडीकर :
परवा माळा आवरताना जुन्या फायलीत एक तिकीट सापडलं. १२ डिसेंबर २०१५, बालेवाडी, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी, चेन्नईयिन विरुद्ध कोलकाता. लेक म्हणाला, "बाबा, चेन्नई आणि कोलकाता पुण्यात कशाला खेळतील? काहीही." मग त्याला सांगावं लागलं की त्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली होती, विमानतळसुद्धा बंद पडला होता, म्हणून त्यांचा घरचा सामना आमच्या दारात आला. खरं सांगायचं तर मी सामना बघायला नव्हतोच गेलो. एक माणूस बघायला गेलो होतो. मार्को मातेराझ्झी. २००६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या ज्या खेळाडूच्या छातीत डोकं हाणलं, तो. तेव्हा तो चेन्नईयिनचा प्रशिक्षक होता.

लेकाला छाती आणि डोकं ठाऊक होतं, यूट्यूबची कृपा. पण तो माणूस भारतात तीन मोसम राहून करंडक घेऊन गेला याचा पत्ता नव्हता. त्याच्या वयाच्या पोरांना नसणारच.

तर प्रश्न असा. २०१४ मध्ये साखळीत पहिला. २०१५ मध्ये विजेता. २०१६ मध्ये आठ संघांत सातवा. मार्च २०१७ मध्ये चेन्नई सोडली ती सोडलीच, पुन्हा कुठल्या संघाचा प्रशिक्षक झाला नाही. त्याच्याच २००६च्या संघातले कानावारो, नेस्ता, ग्रोस्सो, गात्तुझो, पिर्लो, दे रोस्सी सगळे प्रशिक्षक झाले, कुणी बरे, कुणी यथातथा. मग हाच का नाही? खरंच चांगला प्रशिक्षक होता, की नशीब जोरावर होतं?

फक्त_क्रिकेट :
पहिला! शीर्षक वाचून वाटलं पावसानं पिकाचं मातेरं झालं त्यावर धागा आहे.

खडूस_सदाशिव :
विषय चांगला आहे, पण आधी नाव नीट लिहा. इटालियनमध्ये दोन झेड आले की बहुधा 'त्स' होतो. मूळ शब्द पीत्सा, आपण पिझ्झा करून खातो. तेव्हा मातेरात्सी.

बालेवाडीकर :
काका, दुरुस्त केलं तर शीर्षकातली कोटी जाईल.

खडूस_सदाशिव :
'मातेरात्सी'तही मातेरं आहेच. कोटीला धक्का लागत नाही. आळस म्हणा.

आकडेबहाद्दर :
प्रशिक्षकाकडे जाण्याआधी खेळाडू बघू, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

१९७३चा जन्म, लेच्चे गावचा. वडील जुझेप्पे स्वतः फुटबॉलपटू आणि पुढे लात्सिओ, बारी वगैरे संघांचे प्रशिक्षक. म्हणजे हा प्रशिक्षकाच्या घरातच वाढलेला. पण 'बापाच्या पुण्याईवर आला' असं कुणी म्हणू नये. मालदिनी, नेस्ता, कानावारो विशीत असताना पहिल्या श्रेणीत होते तेव्हा हा रोमच्या एका हौशी संघात, मग सिसिलीत मार्साला आणि त्रापानी, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत धूळ खात होता. नंतर पेरुजा, तिथून कार्पीला उसना, १९९८-९९ ला इंग्लंडात एव्हर्टन, तिथे लाल कार्डांचा पाऊस, परत पेरुजा. राष्ट्रीय संघात पहिल्यांदा आला तेव्हा सत्ताविशी उलटली होती.

आणि २०००-०१ मध्ये पेरुजाकडून त्यानं सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीत, १२ गोल केले. बचावपटूनं! पासारेल्लाचा ११ गोलांचा विक्रम होता, तो मोडला. त्यात पेनल्ट्या बऱ्याच होत्या हे कुणी सांगायच्या आत मीच सांगतो. मग मिलानच्या इंटरनं घेतलं आणि २०११ पर्यंत तिथेच राहिला. पाच लीग जेतेपदं, त्यातलं पहिलं २००५-०६ चं, युव्हेंटसकडून काढून यांना दिलेलं. शिवाय २०१०ची चॅम्पियन्स लीग.

थोडक्यात, अंगभूत देणगी बेताची असलेला माणूस घासून घासून वर आला. असे लोक प्रशिक्षक म्हणून बरे ठरतात, जन्मजात कलाकार ठरत नाहीत. त्यांना समोरच्याला का जमत नाही हेच कळत नाही.

झिझूभक्त :
घासून वर आला की समोरच्याला घासून? २००४ मध्ये सिएनाच्या चिरिल्लोला बोगद्यात ठोसा मारला म्हणून दोन महिने बंदी. स्वतः त्या सामन्यात खेळतही नव्हता! आणि बर्लिनला, २००६च्या फायनलमध्ये, काय केलं ते सगळ्या जगानं पाहिलं. माझ्या लेखी हा फुटबॉलपटू नाही, काडी लावणारा इसम आहे. त्या रात्री मी आठवीत होतो, रडून उशी ओली केली होती. आजही माफ केलेलं नाही.

परदेशी_पोळी :
@झिझूभक्त, ठोसा झाला हे खरं, त्यावर सफाई नाही. पण बर्लिनबद्दल थोडं. मी गेली नऊ वर्षं इटलीत मोंत्साजवळ राहते, आमच्या ऑफिसात निम्मे इंटरवाले, त्यामुळे ही कथा मला मसाल्यासकट पाठ आहे.

त्यानं शिवी दिली आणि ती झिदानच्या बहिणीवरून होती, हे त्यानं कबूल केलंय. पण तेव्हा इंग्लंडातल्या काही वर्तमानपत्रांनी छापलं की त्यानं वंशावरून, धर्मावरून शिवी दिली. त्यावर तो कोर्टात गेला आणि त्या पेपरांनी नुकसानभरपाई दिली. आईवरून बोलल्याचंही पसरलं होतं. तर मातेरात्सीची (काका, बघा, नीट लिहिलं) स्वतःची आई तो शाळकरी वयाचा असताना गेली. आईवरून मी कुणालाच बोलणार नाही, असं तेव्हा त्यानं सांगितलं होतं आणि इथले लोक ते मानतात. फिफानं दोघांनाही शिक्षा केली. झिदानला तीन सामने, याला दोन. म्हणजे डोकं मारणं आणि तोंड चालवणं यात फिफाच्या हिशेबी एका सामन्याचाच फरक :)

आणि मुळात त्या सामन्यात हा फक्त शिवी देऊन थांबला नव्हता. सातव्या मिनिटाला मालुदाला पाडून फ्रान्सला पेनल्टी यानंच दिली. एकोणिसाव्या मिनिटाला बरोबरीचा गोल यानंच डोक्यानं केला. ११०व्या मिनिटाला ते डोकं खाणं. आणि शूटआउटमध्ये आपली पेनल्टी शांतपणे आत घातली. दोन्ही गोल, लाल कार्ड आणि निकाल, चारही ठिकाणी एकच माणूस.

झिझूभक्त :
वकीलपत्र घेतलंय का ताई? :)

परदेशी_पोळी :
फी म्हणून ऑफिसात सोमवारी फुकट कॉफी मिळते.

नेरूळचा_बाण :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पंचगंगाकाठचा :
काडी लावण्यावरून लिहितो, थोडं अवांतर होईल, सांभाळून घ्या.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की दुकानं लवकर बंद, घरात जेवणं उशिरा. मी अकरा वर्षं एका तालमीकडून स्टॉपर खेळलो, नाव घेत नाही, नाहीतर इथंच राडा व्हायचा. आमचे वस्ताद एकच सांगायचे, "पायानं अडव, नाही जमलं तर अंगानं अडव, तेबी नाही जमलं तर तोंडानं अडव." एक फॉरवर्ड होता, काय खेळायचा पोरगा, लोण्यासारखा. त्याला पायानं अडवणारा कोल्हापुरात जन्मला नव्हता. मग मी काय करायचो, प्रत्येक कॉर्नरला त्याच्या कानाशी जाऊन विचारायचो, "काय रे, काल गंगावेशीत कुणासंगं दूध पीत हुतास? दादाला सांगू का?" बास. गडी सामनाभर माझ्याकडं बघत बसायचा, बॉलकडं नाही. आज तो माझा व्याही आहे. अजून ते कोण होतं ते मला माहीत नाही. काहीच माहीत नव्हतं, हवेत सोडलेलं.

सांगायचा मुद्दा, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखणं ही बचावपटूची अर्धी विद्या. ती वाईट कामाला वापरली तर काडी, आणि आपल्याच पोरांवर वापरली तर प्रशिक्षण. मातेराझ्झीनं दोन्ही केलं असं मला वाटतं. मी तसा भडकू टाईपचा, पण त्या माणसाबद्दल मनात एक कोपरा आहे.

खडूस_सदाशिव :
दंडवत. व्याह्यांनी हा धागा वाचू नये ही सदिच्छा.

फक्त_क्रिकेट :
हसून हसून पुरेवाट! "हवेत सोडलेलं" :D

अड्यारवासी :
धाग्यावर उशिरा आले. २०१२ ते २०१९ चेन्नईत होते, त्यामुळे थोडं आतलं, म्हणजे निदान स्टेडियमच्या आतलं.

२०१४ ला सगळं नवं होतं. अभिषेक बच्चन मालक, धोनीचं नाव जोडलेलं, गर्दी अर्धी त्यांना बघायला. मातेराझ्झी खेळाडू-प्रशिक्षक होता, म्हणजे कधी बाकावर, कधी मैदानात. वय एकेचाळीस. धावताना बघवत नसे, पण उभा कुठे राहायचा ते बघण्यासारखं होतं. बॉल जिथे पडणार तिथे हा आधीच उभा. एलानोनं त्या वर्षी आठ गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक. संघ साखळीत पहिला आला.

आणि मग उपांत्य फेरी. कोचीला केरळनं ३-०ने हरवलं. सगळे म्हणाले संपलं. परतीच्या सामन्याला आम्ही सहा जणी गेलो होतो, तिघी मराठी. नव्वद मिनिटांत चेन्नईनं ३-० केलं! तिसरा गोल जेजेचा, अगदी शेवटच्या मिनिटाला. आवाजानं कान बंद झाले होते. आणि ११७व्या मिनिटाला पिअर्सननं केरळचा गोल केला. ११७! पेनल्टी शूटआउटला तीन मिनिटं. परतताना रिक्षात कुणी बोललं नाही.

तेव्हा "नशीब जोरावर" म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. पहिल्या वर्षी नशिबानं त्याला लाथ घातली होती.

नेरूळचा_बाण :
त्याच वर्षी चेन्नईत आमच्या मुंबईला ५-१ नं धुतलं होतं त्यांनी. जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार.

बालेवाडीकर :
@अड्यारवासी, वा! हेच हवं होतं. २०१४वरून आठवलं, त्याच वर्षी आमच्या पुण्याकडून त्रेझेगे खेळायला आला होता. बर्लिनच्या शूटआउटमध्ये ज्याची पेनल्टी बारला लागली तोच. म्हणजे आठ वर्षांनी पेनल्टी आत घालणारा चेन्नईत आणि बारला मारणारा बालेवाडीत. शेवटची पेनल्टी मारणारा ग्रोस्सो तेवढा आला नाही, पण चौथी मारणारा देल पिएरो दिल्लीत होता. आयएसएलवाल्यांनी २००६ची फायनल उघडून यादी केली होती की काय!

आकडेबहाद्दर :
यादीत एक नाव राहिलं आणि तेच सगळ्यात मजेशीर. आलेस्सांद्रो नेस्ता.

२००६च्या विश्वचषकात मातेराझ्झी मुळात राखीव होता. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध नेस्ता जखमी झाला म्हणून सतराव्या मिनिटाला हा आत आला आणि दहाएक मिनिटांत डोक्यानं गोल करून बसला. नेस्ता पुन्हा त्या स्पर्धेत खेळलाच नाही. पुढच्या ऑस्ट्रेलियाच्या सामन्यात याला लाल कार्ड, म्हणून युक्रेनला मुकला, मग जर्मनी आणि मग बर्लिन. नेस्ताची मांडी दुखावली नसती तर झिदानला त्या रात्री छातीत डोकं मारायला हा भेटलाच नसता.

आणि २०१४ च्या शेवटी शेवटी तोच नेस्ता चेन्नईयिनकडून खेळायला आला. मातेराझ्झीच्या हाताखाली! ज्याची जागा मिळाली म्हणून आयुष्य बदललं, त्याला संघात घ्यायचं की नाही हे आता यानं ठरवायचं. आपल्याकडे असं झालं असतं तर दोघांनी एकमेकांचे फोन उचलले नसते.

झिझूभक्त :
बरं, हे मला माहीत नव्हतं. रोचक आहे. पण काडी ती काडीच.

मडगांवकार :
मी सगळे प्रतिसाद वाचत गप्प बसलो होतो कारण विषय २० डिसेंबर २०१५ कडे, म्हणजे चेन्नईयिनविरुद्धच्या आमच्या फायनलकडे, चाललाय हे दिसत होतं. आलाच आहात तर ऐका.

फातोर्डा. आमचं मैदान, आमचा गोव्याचा संघ, झिको आमचा कोच. साखळीत आम्ही पहिले. घरातून चालत गेलो, दोन भाऊ, एक मामा आणि शेजारचा एक जण जो आयुष्यात फुटबॉल बघत नाही पण त्या दिवशी आला. पहिला हाफ गोल नाही. मग त्यांना पेनल्टी. आमच्या लक्ष्मीकांत कट्टिमनीनं अडवली, पण परत आलेला बॉल पेलिस्सारीनं आत टाकला. चार मिनिटांत आमच्या हाओकिपनं बरोबरी केली. मग त्यांना आणखी एक पेनल्टी, मेन्डोझा मारतोय, कट्टिमनीनं तीही अडवली! मामा देवाचं नाव घेऊन रडायला लागला. ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक. २-१. अख्खं फातोर्डा उभं. लोकांनी फटाके काढून हातात घेतले होते.

आणि मग नव्वदाव्या मिनिटाला एक बॉल आला, कट्टिमनीच्या हाताला लागून आमच्याच जाळ्यात गेला. मी अजून डोळे मिटले की तो हात दिसतो. दोन मिनिटांनी मेन्डोझा. ३-२. तो शेजारचा माणूस म्हणाला, "हें अशेंच जाता काय दरेक फावट?" त्याला काय सांगणार.

सामन्यानंतर जे झालं ते पोलीस स्टेशनपर्यंत गेलं, पेपरात सगळं आलं होतं, मी उगाळत नाही.

तर मातेराझ्झी. त्यानं त्या दोन मिनिटांत काय प्रशिक्षण केलं ते मला कुणी सांगावं. माझं मत, नशीब. शंभर टक्के नशीब.

पंचगंगाकाठचा :
मडगावकर, एक गळाभेट आमच्याकडून. पण "काय प्रशिक्षण केलं" याला उत्तर आहे. २-१ नं मागे, तीन मिनिटं उरलीत, परक्याचं मैदान. निम्मे संघ तिथं मनानं बसमध्ये जाऊन बसतात. त्याची पोरं पळत होती. हे त्या तीन मिनिटांत शिकवता येत नाही, त्याआधीच्या दोन महिन्यांत शिकवावं लागतं.

अड्यारवासी :
+१. आणि त्या दोन महिन्यांबद्दल सांगते. २०१५ ला नोव्हेंबरमध्ये, साखळीचे चार सामने उरले असताना चेन्नईयिन तळाला होतं. तळाला! ऑफिसातले तमिळ सहकारी तिकिटं फुकट वाटत होते. त्यातच पाऊस सुरू झाला. नोव्हेंबरभर पडत होता आणि एक डिसेंबरला आभाळच फाटलं. आमच्या इमारतीचा तळमजला गेला, वीज नाही, फोन नाही, दूध शंभर रुपयांनी अर्धा लिटर घेतलेलं आठवतंय. फुटबॉल कुणाच्या डोक्यात होता? पण कुठून तरी कळायचं की चेन्नईयिन जिंकलं. परत जिंकलं. उरलेले चारही जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावर येऊन उपांत्य फेरीत गेले.

हे कौतुक निव्वळ त्याचं नाही. मेन्डोझानं त्या मोसमात तेरा गोल केले, जेजे भरात होता. पण तळाला गेलेल्या संघात खेळाडू एकमेकांवर खेकसायला लागतात, विदेशी एका टेबलावर आणि देशी दुसऱ्या टेबलावर जेवायला बसतात. इथे तसं झालं नाही, निदान मैदानात दिसलं नाही. गोल झाला की सगळे बाकाकडे पळायचे, त्याच्या अंगावर चढायचे. आणि बालेवाडीकर, तुम्ही ज्या सामन्याला होतात तो आम्ही मेणबत्तीत रेडिओसारखा फोनवरून ऐकला. मैत्रिणीचा भाऊ पुण्यात होता, तो आम्हाला सांगत होता.

बालेवाडीकर :
अंगावर काटा आला. आम्ही इथे वडापाव खात बघत होतो, कल्पनाच नव्हती. ३-० झालं, पेलिस्सारी, जेजे, मेन्डोझा. समोर गतविजेते कोलकाता होते आणि स्टेडियमात चेन्नईचे म्हणावेत असे मोजके लोक. आम्ही पुणेकरांनीच मग ओरडून घेतलं. पुणेकर ओरडले ही नोंद व्हावी.

खडूस_सदाशिव :
नोंद झाली. पुन्हा होणे नाही.

परदेशी_पोळी :
"अंगावर चढायचे" यावरून एक. मे २०१०, माद्रिद, इंटरनं चॅम्पियन्स लीग जिंकली ती रात्र. मातेरात्सी अगदी शेवटी, भरपाईच्या वेळेत मिलितोच्या जागी आला होता, म्हणजे तसा नावालाच. सामन्यानंतर प्रशिक्षक मोरिन्यो संघ सोडून जाणार हे सगळ्यांना कळून चुकलेलं. तो गाडीत बसून निघाला होता, स्टेडियमबाहेर मातेरात्सी भिंतीशी उभा दिसला, गाडी थांबवली, उतरला, आणि दोघं गळ्यात पडून हमसून रडले. इथे प्रत्येक इंटरवाल्यानं ती चित्रफीत शंभरदा पाहिलेली असते.

मला वाटतं त्याचं प्रशिक्षणाचं सगळं शिक्षण त्या मिठीत आहे. बाकावर बसवलेल्या छत्तिशीच्या खेळाडूला सुद्धा आपण संघाचे आहोत असं वाटायला लावणं. त्यानं तेच चेन्नईत केलं. डावपेच वगैरे त्याचा प्रांत नसावा.

आकडेबहाद्दर :
आणि इथेच धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. तेव्हाची आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर, जेमतेम अडीच महिने, साखळीचे चौदा सामने. ती लीग कमी आणि शिबिर जास्त. लग्नघरात जसं दोन दिवस सगळे एकत्र राबतात तसं. अशा ठिकाणी मायेनं आणि आरडाओरड्यानं संघ बांधणारा माणूस चमकतो. दहा महिन्यांच्या लीगमध्ये माया मार्चपर्यंत पुरत नाही, तिथे फळ्यावर काय लिहिता ते लागतं. शिवाय २०१६ ला मेन्डोझा नव्हता आणि संघ सातवा आला. त्याच वर्षी दिल्लीकडे प्रशिक्षक म्हणून झांब्रोत्ता होता, तोही २००६ वाला, तोही बचावपटू. त्याच्या दिल्लीनं चेन्नईयिनला दोन्ही सामन्यांत हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली.

नेरूळचा_बाण :
म्हणजे मेन्डोझा होता तर कोच चांगला, नव्हता तर वाईट? मग कोच मेन्डोझाच की.

पंचगंगाकाठचा :
सचिन बाद झाला की टीव्ही बंद करणारे आपण, आपण हे बोलू नये.

फक्त_क्रिकेट :
अखेर क्रिकेट आलं. धागा सार्थकी लागला.

परदेशी_पोळी :
@आकडेबहाद्दर, पटलं, पण अर्धंच. ग्रोस्सोचं बघा. दुसऱ्या श्रेणीतून फ्रोझिनोने आणि मग सास्सुओलो असे दोन संघ वर आणले त्यानं, पण त्याआधी कित्येक ठिकाणी काढून टाकलेला. तो पुन्हा पुन्हा जात राहिला. मातेरात्सी गेलाच नाही. इथे तो टीव्हीवर दिसतो, जुन्या खेळाडूंच्या सामन्यांत दिसतो, इंटरच्या मोठ्या सामन्याला स्टेडियमात हमखास. मजेत असतो. कदाचित त्याला नकोच असेल. हा पर्याय कुणी धरलाच नाही. बाप प्रशिक्षक होता, म्हणजे आज या गावी उद्या त्या गावी, बिऱ्हाड पाठीवर, हे त्यानं लहानपणी भोगलेलं आहे.

बालेवाडीकर :
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आपण धरूनच चालतो की माणसाला एकदा जमलं म्हणजे तो तेच करत राहणार.

खडूस_सदाशिव :
एक जुनी गोष्ट जोडतो, मग झोपतो. ५ मे २००२. रोमला शेवटचा सामना, इंटरनं लात्सिओला हरवलं की लीग त्यांची. गंमत म्हणजे लात्सिओचे प्रेक्षकसुद्धा इंटरच्या बाजूनं ओरडत होते. इंटर ४-२ नं हरलं आणि युव्हेंटस विजेते झाले. मातेरात्सी त्या दिवशी लात्सिओच्या खेळाडूंवर चिडून रडत होता. का, तर दोन वर्षांपूर्वी तो पेरुजात असताना भर पावसात पेरुजानं युव्हेंटसला १-०ने हरवलं होतं आणि त्यामुळे लीग लात्सिओला मिळाली होती. म्हणजे मी तुम्हाला दिली, तुम्ही मला देत नाही? हा माणूस हिशेब विसरत नाही. अशांना बोर्डरूममधले मालक फार दिवस झेपत नाहीत, असा माझा अंदाज. अंदाजच.

झिझूभक्त :
काका, या गोष्टीनं मात्र मी थोडा वितळलो. थोडाच. रडलेला माणूस आवडतो मला, मीही त्या रात्री रडलो होतो ना.

पंचगंगाकाठचा :
चला, अठरा-वीस वर्षांनी का होईना, समेट.

झिझूभक्त :
समेट नाही. युद्धबंदी.

मडगांवकार :
मी वर "शंभर टक्के नशीब" लिहिलं, रात्री झोप लागली नाही. सत्तर करतो. तीस त्याला.

पण एक गोष्ट लिहायची राहिली, ती नाही लिहिली तर कट्टिमनीवर अन्याय होईल. २० मार्च २०२२. आयएसएलची फायनल, पुन्हा फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ. हैदराबादचा गोली कोण? लक्ष्मीकांत कट्टिमनी. संघ एका गोलनं मागे होता, शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी केली साहिल ताव्होरानं, तोही आमचा गोंयकार. मग पेनल्ट्या. कट्टिमनीनं तीन अडवल्या. तीन. त्याच मैदानात, हैदराबादसाठी करंडक. मामा आता नाही. तो शेजारचा माणूस मात्र त्या दिवशी माझ्याकडे टीव्ही बघायला आला होता, आणि शूटआउट सुरू झाल्यावर उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. म्हणाला, जालें काय सांग.

अड्यारवासी :
मग सांगितलंत?

मडगांवकार :
सांगायला लागलं नाही. मी ओरडलो तेव्हा त्याच्या हातातला चहा अंगणात होता.